‘मन घट्ट कर’ हा उपचार नव्हे

अमरावती जिल्ह्यातल्या मोर्शी-वरूडच्या पट्ट्यात माणूस खचला की घरातून, पारावरून, सोयऱ्यांकडून त्याला एकच सल्ला मिळतो. मन घट्ट कर. परीक्षेत नापास झालेल्या पोराला हेच सांगतात, बाळंतपणानंतर रात्र-रात्र रडणाऱ्या सुनेला हेच, आणि बगीचा वाळत चाललेल्या शेतकऱ्यालाही हेच. सांगणारा बहुतेक वेळा मायेनं सांगतो. पण मायेनं केलेली चूकही चूकच असते, आणि ही चूक या भागात माणसांच्या जिवावर बेतते.

या सल्ल्यामागं एक पक्की समजूत आहे, आणि ती अडाणी माणसांची आहे असं कोणी समजू नये. शिक्षक, पुढारी, पतसंस्थेचे संचालक, क्वचित डॉक्टरसुद्धा ती माझ्यापुढं ठामपणे मांडतात. ती अशी. नैराश्य, चिंता हे पुण्या-मुंबईच्या रिकाम्या माणसांचे आजार. ज्याला रात्रीच्या लाइटवर ओलित करायचं आहे त्याला ते परवडत नाहीत. आज्या-पणज्याच्या काळी असलं काही नव्हतं. नुसतं बोलून कोणाचं भलं झालं आहे? गोळ्या सुरू केल्या की जन्माची सवय लागते. वऱ्हाडाचं खरं दुखणं कर्ज आणि भाव. ते मिटवा, डोकी आपोआप ताळ्यावर येतील. आणि घरात मायबाप, गावात भजनी मंडळ असताना परक्या माणसापुढं रडगाणं गायची गरजच काय?

मी समुपदेशक आहे. मोर्शी तालुक्यातल्या माणसांचं ऐकून घेणं हेच माझं काम आहे. वरचं एकेक वाक्य माणसाला दाराच्या आत कसं अडवून ठेवतं हे मी रोज पाहते, म्हणून त्या प्रत्येक वाक्याला उत्तर देणं मला भाग आहे.

शहरी खूळ म्हणणाऱ्यांनी एखाद्या मोठ्या खेड्यातल्या दवाखान्यात एक सकाळ काढावी. बाकावर बसलेल्या बायकांपैकी एकही ‘मी उदास आहे’ असं म्हणणार नाही. त्या म्हणतील, डोकं भणभण करते, हातापायाले मुंग्या येतात, जीव घाबरा होते, अंगात ताकदच नाही. डॉक्टर सलाईन लावतात. चार दिवस बरं वाटतं, पंधरवड्यानं ती पुन्हा त्याच बाकावर. अशीच एक काकू माझ्याकडे आली होती (ओळख पटू नये म्हणून तिच्याबद्दलचे आणि पुढचे तपशील मी बदलले आहेत). तिच्या पिशवीत प्लास्टिकची फाईल होती. फाईलमध्ये रक्ताचे रिपोर्ट, दोन सोनोग्राफ्या आणि ईसीजीचे कागद, ज्यांवरच्या रेघा आता पुसट होत चालल्या होत्या. सगळं नॉर्मल. सगळं नॉर्मल म्हणून घरच्यांनी ती ढोंग करते असं ठरवून टाकलं होतं. झोप कशी लागते, एवढंच मी विचारलं. रोज पहाटे तीनला डोळा उघडतो, मग चुलीपाशी बसून उजाडायची वाट पाहते, असं ती म्हणाली आणि पुढचा बराच वेळ बोलत राहिली. इतक्या तपासण्यांत, इतक्या खर्चात, झोपेबद्दल तिला कोणी विचारलंच नव्हतं. रोज भल्या पहाटे जाग येणं आणि मग झोप न लागणं हे नैराश्याचं नेहमीचं लक्षण आहे.

गोव्यात डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अंगावरून पांढरं जाण्याची तक्रार घेऊन येणाऱ्या बायकांचा अभ्यास केला, तेव्हा त्या तक्रारीचा संबंध जंतुसंसर्गापेक्षा मनाच्या ताणाशी आणि घरातल्या जाचाशी जास्त दिसला. गावातलं दुखणं असं शरीराच्या तक्रारीतून बोलतं. ते ज्याला ऐकू येत नाही तोच म्हणतो की खेड्यात असले आजार नाहीत. बंगळूरच्या निमहान्स संस्थेनं २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातल्या प्रौढांपैकी १०.६ टक्के लोकांना त्या वेळी कुठला ना कुठला मानसिक आजार होता, आणि त्यातल्या बहुसंख्यांपर्यंत उपचार पोचलेच नव्हते. हे सगळे पोट भरलेले, रिकामे लोक होते काय?

पूर्वी असं नव्हतं, हा दावा तर एका तारखेनं निकालात निघतो. नागपूरचं मनोरुग्णालय १८६४ साली सुरू झालं. तेव्हा मोबाइल नव्हता, स्पर्धा परीक्षा नव्हत्या, बीटी कापूस नव्हता. मग ते कोणासाठी बांधलं? पूर्वी आजार होता, पण त्याला बाहेरची बाधा म्हणत, करणी म्हणत. वाड्याच्या मागच्या खोलीत कोंडलेली एखादी आत्या, भगतानं चटके दिलेली एखादी सून, विहिरीपाशी जाऊ नको म्हणून जिच्यावर घरानं पाळत ठेवली अशी एखादी बाळंतीण: म्हाताऱ्या माणसांना विश्वासात घेऊन विचारलं तर जवळजवळ प्रत्येक जुन्या घरात अशी एक गोष्ट निघते. आपण ती वंशावळीत लिहीत नाही, इतकंच. ज्या अघोरी उपचारांविरुद्ध महाराष्ट्राला २०१३ मध्ये, डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर, कायदा करावा लागला, ते उपचार ‘पूर्वी हे नव्हतं’ म्हणणाऱ्यांच्याच पूर्वीचे आहेत.

आता मूळ सल्ल्याकडे येते. मन घट्ट कर. ज्या मनानं घट्ट व्हायचं तेच आजारी आहे, हे सांगणाऱ्याच्या लक्षात येत नाही. आपल्या भागात संत्र्याच्या खोडाला डिंक्या लागला तर शेतकरी काय करतो? साल खरवडतो, बोर्डो मलम लावतो, बुडाशी पाणी साचू देत नाही, कृषी सहायकाला बोलावतो. झाडाला कणखर व्हायला सांगत नाही. तोच शेतकरी घरच्या पोराला मात्र रोग दिसत असूनही नुसता धीर एकवटायला सांगतो.

एक संत्रा उत्पादक दादा होते. उभी हयात बगीच्यात गेलेली. अंबिया बहराची फळं ऐन पावसाळ्यात गळाली, तो पहिला धक्का. पण फळगळ त्यांनी आधीही पाहिली होती. या वेळी वेगळं झालं ते असं की त्यांनी बगीच्यात जाणं सोडलं. मग दाढी करणं सोडलं. दुपारभर खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. जेवताना घास तोंडातच फिरत राहायचा. घरचे आधी समजावत होते, मग चिडले, मग आळशी म्हणू लागले. माझ्यासमोर बसल्यावर ते पहिल्यांदा जे बोलले ते मला अक्षरशः लक्षात आहे: ‘ताई, मन घट्ट कराले मी सकायपासून रातपर्यंत पाह्यतो, पन होतच नाही. म्हंजे मीच कामाचा नाही रायलो.’

या सल्ल्यानं नेमकं हेच होतं. आजारी माणूस तो आधीच स्वतःला हजारदा देऊन बसलेला असतो. दर वेळी तो फसतो आणि दर वेळी आपण दुबळे आहोत याचा त्याला नवा पुरावा मिळतो. अपराधीपणाची भावना हे नैराश्याचंच लक्षण आहे. हा सल्ला तीच भावना वाढवतो. दोन आठवड्यांहून जास्त काळ कशातच मन लागत नसेल, झोप-भूक बिघडली असेल, अंगात त्राण नसेल, निर्णय घेता येत नसेल, जगण्यात अर्थ नाही असं वाटत असेल, तर तो स्वभाव नाही आणि आळस तर नाहीच. तो निदान होणारा आणि उपचार असणारा आजार आहे.

‘पण नुसतं बोलून काय होते?’ हा प्रश्न मला सर्वांत जास्त वेळा विचारला जातो. उत्तर दूर शोधायला नको, ते आपल्याच जिल्ह्यात आहे. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांमध्ये ‘विश्राम’ नावाचा कार्यक्रम राबवला गेला. डॉ. राहुल शिधये, विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी त्याचे निष्कर्ष २०१७ मध्ये ‘लॅन्सेट सायकिअॅट्री’ या नियतकालिकात प्रसिद्ध केले. कार्यक्रमात फार भपकेबाज काही नव्हतं. गावातलेच आरोग्य कार्यकर्ते घरोघरी, बैठकांतून नैराश्याबद्दल बोलत. खचलेल्या माणसाला पहिला आधार देत. पुढं प्रशिक्षित समुपदेशक त्याच्याशी ठरवून बोलत. आणि गरज असेल त्याला मनोविकारतज्ज्ञापर्यंत पोचवत. सुरुवातीला नैराश्य असलेल्या शंभरातल्या जेमतेम चार जणांनी, नेमकं सांगायचं तर ४.३ टक्क्यांनी, कुठलीही मदत घेतली होती. अठरा महिन्यांनंतरच्या पाहणीत तो आकडा २७.२ टक्के झाला. मागच्या वर्षभरात आत्महत्येचा विचार मनात आला असं सांगणाऱ्यांचं प्रमाण ५.२ वरून २.५ टक्क्यांवर आलं.

हे आकडे कुठल्या युरोपातल्या शहराचे नाहीत. आपल्याच कापूस-सोयाबीनच्या गावांतले आहेत. वऱ्हाडी माणूस मनातलं बोलत नाही, तो मदत घेणार नाही, असं जे छातीठोकपणे सांगितलं जातं ते इथं खोटं ठरलं. मदत दारापर्यंत गेली तर माणसं घेतात. शंभरातले बाकीचे त्र्याहत्तर तरीही बाहेरच राहिले, याचा अर्थ काम थांबवावं असा होतो की वाढवावं असा?

बोलणं म्हणजे गप्पा मारणं असंही नाही. गोव्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांमध्ये, तीव्र नैराश्य असलेल्या माणसांवर झालेल्या एका चाचणीत डॉक्टर नसलेल्या, पण प्रशिक्षण घेतलेल्या साध्या समुपदेशकांनी सहा ते आठ बैठकांचा एक आखीव उपचार दिला. तीन महिन्यांनी तो उपचार घेतलेल्यांतले ६४ टक्के नैराश्यातून बाहेर आले होते. केवळ नेहमीची आरोग्यसेवा मिळालेल्यांत हे प्रमाण ३९ टक्के होतं. त्या उपचाराचं सूत्र साधं आहे. माणूस खचतो तेव्हा एकेक काम सोडतो. काम सुटलं की त्यातून मिळणारं समाधान सुटतं, चार माणसांत जाणं सुटतं. त्यामुळं तो आणखी खचतो. ही साखळी उलटी फिरवायची. आधी छोटी कृती, मन त्याच्या मागून येतं.

यावर कोणी म्हणेल, मग आम्ही तरी वेगळं काय सांगतो? ‘काम कर, सारं ठीक होते’ हेच ना! नाही, हे तेच नव्हे. तुम्ही त्याला सबंध बगीचा सांभाळायला सांगता आणि जमलं नाही की टोमणा मारता. त्या दादांचं पहिलं ठरलेलं काम होतं, सकाळी उठून अंगणातल्या खुर्चीवर चहा घ्यायचा. पुढच्या आठवड्यात बगीच्याच्या बांधापर्यंत जाऊन परत यायचं, आत जायचं नाही. किती जमलं ते आम्ही एका वहीत लिहीत होतो, नाही जमलं तर का नाही ते बघत होतो, काम आणखी लहान करत होतो. दर भेटीत मी त्यांना सरळ विचारत होते, मरणाचे विचार येतात का? कारण आत्महत्येबद्दल विचारलं की तो विचार डोक्यात भरतो ही आणखी एक खोटी समजूत आहे. विचारल्यानं विचार पेरला जात नाही. उलट, इतके दिवस एकट्यानं वाहिलेलं ओझं कोणाला तरी सांगता आलं म्हणून माणूस हलका होतो. दादांना सोबत मनोविकारतज्ज्ञाच्या गोळ्याही लागल्या. पुढं बऱ्याच महिन्यांनी ते स्वतःहून पुन्हा ओलिताला जाऊ लागले. उपचार म्हणतात तो याला. ‘काम कर’ असा हुकूम सोडणाऱ्यानं यातलं काय केलेलं असतं?

सर्वांत वजनदार आक्षेप चळवळीतल्या माणसांचा आहे. त्यांच्याबद्दल मला आदर आहे, म्हणूनच त्यांना सविस्तर उत्तर देते. ते म्हणतात, तुम्ही समुपदेशक सरकारचं काम सोपं करून देता. कापसाला भाव नाही, सोयाबीन पडेल दरानं जातं, संत्रा व्यापारी ठरवेल त्या किमतीला तुटतो, विमा कंपनी दाद देत नाही. आणि तुम्ही म्हणता शेतकऱ्याला आजार झाला आहे. म्हणजे दोष धोरणाचा नाही, शेतकऱ्याच्या डोक्याचा.

हा राग रास्त आहे. अमरावती विभागाच्या पाच जिल्ह्यांत २००१ पासून सरकारी दप्तरातच वीस हजारांहून अधिक शेतकरी आत्महत्या नोंदल्या गेल्या आहेत. २००६ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात आले आणि वऱ्हाडचे पाच जिल्हे व वर्धा मिळून सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर झालं. २००८ च्या केंद्राच्या कर्जमाफीत पूर्ण माफी दोन हेक्टरपर्यंतच्या शेतकऱ्याला होती. त्याहून थोडी जास्त, पण कोरडवाहू जमीन असलेला इथला कितीतरी शेतकरी पूर्ण माफीला मुकला. २०१७ आणि २०१९ मध्ये राज्याच्या कर्जमाफ्या आल्या. भाव, पाणी, कर्ज यांसाठी जे जे भांडतात त्यांच्या मागं मी उभी आहे, आणि शेतकऱ्याच्या दुरवस्थेला धोरण जबाबदार आहे याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही.

पण मला सांगा, आजारी माणूस हक्क मिळवतो कसा? पीकविम्यात अनेक वर्षं गारपीट किंवा अतिवृष्टीच्या नुकसानीची सूचना ७२ तासांच्या आत द्यावी लागत होती. पंचनाम्याला हजर राहावं लागतं. बँकेत, तहसीलमध्ये खेटे घालावे लागतात, अंगठा जुळला नाही तर पुन्हा रांग. ज्याला चार दिवस अंघोळीला उठवत नाही तो ७२ तासांत तक्रार कशी करणार? नैराश्य आलेला शेतकरी सर्वांत आधी हक्क मागायचं सोडतो. मोर्चाला येत नाही, सभेला येत नाही, तुमचा फोन उचलत नाही. तुमच्या यादीतून जी नावं हळूहळू गळाली ती कुठं गेली, हे चळवळीनं कधी तपासलं आहे का? मन सावरायला मदत केली तर शेतकरी लढायचं सोडेल ही भीती उलटी आहे. सावरलेला माणूसच लढतो.

दुसरं असं की कर्ज आणि मृत्यू यांच्यामध्ये वेळ असतो. कधी महिने, कधी वर्षं. त्या काळात झोप जाते, दारू वाढते, माणूस बायकोशी बोलणं थांबवतो, लेकरांना उगाच जवळ घेतो, लोकांच्या उसनवाऱ्या घाईनं फेडत सुटतो, माझ्यामागं असं करा तसं करा म्हणून सांगू लागतो. भाव वाढायला सरकार बदलावं लागेल, बाजार बदलावा लागेल, न्यायालयात जावं लागेल. तोवर त्या घरातल्या त्या माणसाचं काय? ज्या महिन्यांत त्याला वाचवता येतं, त्या महिन्यांत त्याच्या शेजारी कोणी बसायचं?

आणि तो गेल्यानंतर काय होतं ते या भागात सर्वांना ठाऊक आहे. समिती बसते. सातबारा पाहते, थकबाकी पाहते, वसुलीचा तगादा होता का ते पाहते, आणि प्रकरण पात्र की अपात्र ते ठरवते. पात्र असेल तर एक लाखाची मदत, त्यातले तीस हजार हातात आणि सत्तर हजार ठेवीत. महिनाभर तो झोपला नव्हता याला त्या निर्णयात काही किंमत नाही. ज्याच्या नावावर कर्ज नाही, जिच्या नावावर जमीन नाही, त्यांचं मरण बहुतेक वेळा हिशेबातच धरलं जात नाही. सगळं दुखणं कर्जाचंच असं म्हणत राहिल्याचा हा परिणाम आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये महाराष्ट्रात २२,७४६ जणांनी आत्महत्या केली, देशातल्या कुठल्याही राज्यापेक्षा जास्त. त्यांत विद्यार्थी आहेत, गृहिणी आहेत, रोजंदारीवर जाणारे आहेत. कौटुंबिक कलह आणि आजारपण ही देशभरात नोंदलेली सर्वांत मोठी कारणं आहेत. कापसाला भाव मिळाला की अभ्यासिकेत बसून सलग चौथ्या भरतीची वाट पाहणारा मुलगा वाचेल, असं कोणी छातीवर हात ठेवून म्हणेल का?

गोळ्यांबद्दल थोडक्यात लिहिते, कारण इथं वादापेक्षा माहितीची गरज आहे. नैराश्यावरच्या औषधांचा गुण यायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात. पहिल्या आठवड्यात फरक नाही म्हणून ती बंद करू नयेत. बरं वाटल्यावरही काही महिने ती चालू ठेवावी लागतात आणि मग डॉक्टर हळूहळू कमी करतात. या औषधांची दारूसारखी तलफ लागत नाही. सवय लागते ती झोपेच्या गोळ्यांची, अल्प्राझोलामसारख्यांची. आणि ‘गोळ्यांची सवय लागते’ म्हणून मनोविकारतज्ज्ञाकडे न जाणारी कितीतरी माणसं त्याच गोळ्या मेडिकलवरून चिठ्ठीशिवाय आणून वर्षानुवर्षं घेत असतात. बाकीचे दारू घेतात. औषधाची भीती घालणाऱ्या समाजाला दारूची भीती का वाटत नाही?

राहता राहिला मुद्दा आपल्या माणसांचा. घर आहे, पार आहे, भजन आहे, बाहेरचा माणूस कशाला? घर आणि गाव हवंच, त्यांच्याशिवाय कोणी सावरत नाही. पण पारावर सकाळी बोललेलं संध्याकाळपर्यंत तीन गावांत पोचतं हे आपण सगळे जाणतो. जिला सासूचा जाच आहे तिनं मन मोकळं करायचं कोणाकडे, सासूकडे? ज्याला बापाची धास्ती आहे त्यानं बापाकडे? समुपदेशकाला सांगितलेलं त्या खोलीबाहेर जात नाही, फक्त जिवाला धोका असेल तर घरच्यांना विश्वासात घेतलं जातं. ही हमी पारावर कोण देणार?

आणि परंपरेचा आधार घ्यायचा तर तो नीट घ्यावा. आपल्याच जिल्ह्यातल्या शेंडगावात जन्मलेल्या गाडगेबाबांनी आजाऱ्याला नुसतं नामस्मरण सांगितलं नाही. नवस-बळीवर त्यांनी कीर्तनात कोरडे ओढले आणि मुंबईत रुग्णांच्या नातेवाइकांना राहता यावं म्हणून धर्मशाळा उभ्या केल्या, म्हणजे माणसानं दवाखान्यात जाऊन उपचार घ्यावेत. डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी १९४६ मध्ये अमरावतीला तपोवन उभं केलं तेव्हा कुष्ठरोग्याच्या सावलीलाही लोक घाबरत. तो आजार लपवत, रोग्याला गावाबाहेर काढत, घराण्याला बट्टा लागला म्हणत. आज तो औषधांनी बरा होतो हे शाळेतल्या पोरालाही माहीत आहे. आपल्याच तालुक्यातल्या रिद्धपुरात, साडेसातशे वर्षांपूर्वी, ज्या गोविंदप्रभूंना काही लोक वेडे म्हणत त्यांच्याकडेच गाव अडीअडचणीत मायबाप म्हणून धावे. महानुभाव पंथाच्या लोकांनी ते सगळं लिहून ठेवलं. ज्या मातीत हे घडलं तिथं आज एखाद्या मुलीनं मनोविकारतज्ज्ञाची चिठ्ठी लपवून ठेवावी, कारण कळलं तर ‘लोकं काय म्हणतीन’ आणि लग्न कसं जमेल? लपवलेला आजार लग्नानंतर थांबत नाही. तो दोन्ही घरांत पसरतो.

कायदाही आता आपल्यापेक्षा शहाणा झाला आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानं आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र तणावाखाली होता असं गृहीत धरायला सांगितलं. त्याला शिक्षा करायची नाही, त्याची काळजी घ्यायची ही सरकारची जबाबदारी ठरवली. त्याच कायद्यानं विमा कंपन्यांना शारीरिक आजारांप्रमाणेच मानसिक आजारांनाही विमा देणं बंधनकारक केलं. राज्यानं विदर्भ-मराठवाड्यातल्या १४ जिल्ह्यांत शेतकऱ्यांसाठी समुपदेशनाचा ‘प्रेरणा प्रकल्प’ सुरू केला. एवढं असूनही आपण अजून पारावर बसून आजारी माणसाच्या कणखरपणाची परीक्षा घेणार आहोत का?

म्हणून मी पुन्हा सांगते. खचलेल्या माणसाला धीर कमी पडलेला नसतो, उपचार कमी पडलेला असतो. त्याच्याकडे काय नाही याचा शोध घेण्याआधी त्याच्यापर्यंत काय पोचलं नाही ते पाहा. ग्रामसभेत रस्ता-नालीसोबत हाही विषय मांडा. आपल्या आरोग्य केंद्रात समुपदेशक कोणत्या वारी येतो, औषधं आहेत की संपली आहेत, हे आमदाराला विचारा, आणि उत्तर मिळेपर्यंत विचारत राहा. प्रकल्प येतात आणि मुदत संपली की जातात. आपल्याला पगारी, कायमची माणसं हवी आहेत.

आणि आज, या घडीला, तुमच्या घरात कोणी भिंतीकडे तोंड करून पडलेलं असेल तर त्याला सल्ला देऊ नका. शेजारी बसा, झोप लागते का विचारा, मरावंसं वाटतं का तेही विचारा. हो म्हणालं तर त्याला एकटं सोडू नका, फवारणीची औषधं घरातून हलवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. मोर्शीहून अमरावतीच्या इर्विन रुग्णालयापर्यंतची एसटी तास-दीड तासाची आहे, सोबत जा. निघायला वेळ लागणार असेल तर आधी १४४१६ लावा. टेलि-मानसची ही सरकारी सेवा आहे, २०२२ पासून सुरू आहे, दिवसरात्र चालते, मराठीत बोलता येतं आणि तिला पैसे पडत नाहीत.